उंदीर घरचा की गावचा?

भोपाळच्या जुन्या शहरात, चौक, जुमेराती, इतवारा या भागांत, खाली धान्य-किराण्याचे दुकान, मागे कोठार आणि वर राहते घर ही रचना अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. एका घराची भिंत तीच शेजारच्या घराची, एकाची मोरी दुसऱ्याच्या मागच्या बोळात उघडणारी. अशा वस्तीत कोणी पिंजरा लावून चार उंदीर धरले तर काही दिवस शांतता मिळते आणि मग पुन्हा रात्री माळ्यावर खुडबुड सुरू होते. त्यात पिंजऱ्याचा दोष नाही. घरातल्या काळ्या उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच ते आठ पिल्ले होतात आणि ती तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. एका घरात जागा रिकामी झाली आणि खाणे तसेच राहिले, की भिंतीपलीकडचे उंदीर ती जागा भरून काढतात. तरीही आज घरात उंदीर दिसला की आपण तो त्या घराचा, खरे तर त्या घरातल्या बाईचा, प्रश्न मानतो. डबे उघडे राहिले असतील, ओटा पुसला नसेल, असेच आधी मनात येते. माझे म्हणणे असे, की ही समजूत फार जुनी नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत उंदीर एकदा सार्वजनिक झाला होता आणि मग खासगी झाला. तो खासगी झाला तेव्हापासून त्याचा बंदोबस्त बिघडला. या गोष्टीचा सर्वांत बोलका पुरावा भोपाळपासून दोनशे किलोमीटरच्या आत, मराठी राजवटीच्या इंदुरात आहे.

प्लेगच्या आधीच्या काळात उंदीर घालवणे हा वेगळा उद्योगच नव्हता. तो धान्य साठवण्याच्या आणि घर बांधण्याच्या रीतीतच मुरलेला होता. महाराष्ट्रात ज्वारीसाठी जमिनीत पेव खणत. त्याला आतून कडब्याचा थर देत, तोंड दगडाने आणि मातीने लिंपून घेत. आत धान्याच्या श्वसनाने हवा इतकी जड होई, की पेव उघडल्यावर बराच वेळ तसेच ठेवून मगच माणूस आत उतरे. घाई करणारे जिवाला मुकत. त्या हवेत किडा-मुंगी जगत नसे, उंदराचे तर नावच नको. घरात शेणामातीने लिंपलेली कणगी ओट्यावर किंवा दगडांवर उचलून ठेवलेली असे, भिंतीत बळद असे, दूध-दही शिंक्यावर टांगलेले असे. भोपाळच्या श्यामला हिल्सवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात देशभरातली आदिवासी घरे खऱ्या आकारात उभी केली आहेत. त्यांतले तराईच्या थारूंचे घर या दृष्टीने नीट पाहावे. थारू घरांत मातीच्या मोठाल्या कोठ्याच खोल्यांमधल्या भिंतींचे काम करतात. साठवण हे घराचे अंगच असते, घरात आणून ठेवलेली वस्तू नसते. अर्थात या जुन्या घरांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मातीच्या भिंतीला बीळ पाडणे सोपे. आणि देशी कौले, म्हणजे भोपाळ-नागपूरकडचे कवेलू, एकावर एक रचली की त्यांच्या पोकळीत उंदराला आयते घरटे मिळे. जुन्या रीतीने धान्य राखले, पण उंदीर छपरावर राहिला. माणूस आणि उंदीर एकाच घरात दोन मजल्यांवर नांदत होते. त्यात कोणाचा जीव जात नव्हता तोवर कोणाला त्याची फिकीर वाटली नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि हे सारे बदलले. मांडवी ही बंदरालगतची धान्याच्या गोदामांची वस्ती. तिथे आधी उंदीर मरत होते, मग माणसे मरू लागली. प्लेगच्या जंतूचा शोध १८९४ मध्येच हाँगकाँगला यर्सिन या शास्त्रज्ञाने लावला होता आणि मेलेल्या उंदरांकडे बोटही दाखवले होते. पण मुंबईच्या कारभाऱ्यांच्या डोक्यात अजून घाणीतून आणि जमिनीतून उठणाऱ्या विषारी हवेचीच कल्पना होती. त्यांनी गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले, घरांना चुना फासला, जमिनी उकरल्या, ऊन यावे म्हणून छपरांची कौले काढली. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या आणि त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी तिथला प्लेग-अधिकारी रँड याच्यावर प्राणघातक गोळी झाडली गेली. या सगळ्यात रोगी शोधला जात होता, उंदीर कोणी शोधत नव्हते. उलट गटारे अशी धुऊन काढल्याने त्यांतले उंदीर वर घरांकडे आले असावेत, असे पुढच्या अभ्यासकांनी म्हटले आहे. सरकारपेक्षा खेडूत या बाबतीत शहाणे होते. गावात उंदीर पडले की घरे सोडून माळावर झोपड्या करून राहायचे, ही रीत इकडे लवकरच रूढ झाली. गढवाल-कुमाऊँमध्ये तर ती त्याच्याही कितीतरी आधीपासून होती. उंदीर पडणे ही सबंध गावाला मिळालेली सूचना असे. ज्याच्या घरात उंदीर पडला तो एकटाच उठून जात नसे.

पुढचा पुरावा परळचा. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदराकडून माणसाकडे प्लेग पिसवेमार्फत येतो असे दाखवले. बहुतेकांनी त्यांना वेड्यात काढले. १९०५ मध्ये नेमलेल्या संशोधन आयोगाने परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, या गोष्टीचा छडा लावला. डॉ. ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे मुद्दाम लहान लहान खोल्यांची एक रांग बांधली. काही खोल्यांवर देशी कौले घातली, त्यांत उंदीर मोकाट राहत. काहींवर सपाट मंगळुरी कौले होती, तिथे उंदराला आसरा कमी. उरलेल्यांत उंदराला आत येण्याची वाटच ठेवली नव्हती. खाली जमिनीवर गिनी पिग सोडले. ज्या छपरात उंदीर जास्त तिथे पिसवा जास्त, आणि पिसवा जास्त तिथे गिनी पिग जास्त मेले. मग त्यांनी पिंजरे टांगून पाहिले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले जनावर प्लेगने मेले, दोन फुटांवर टांगलेले वाचले, कारण उंदराच्या पिसवेला तेवढी उडी साधत नाही. हा प्रयोग रोगाचा होता, पण घर कसे बांधावे याचाही तो निकाल होता. माणसाच्या डोक्यावरचे छप्पर कोणते, यावर त्याचा जीव अवलंबून होता. त्या घरातली माणसे किती स्वच्छ राहतात याचा पिसवेला काही फरक पडत नव्हता.

याच आयोगाने मुंबईतले हजारो उंदीर जमा करून एक साखळी मांडली. आधी गटारांतल्या आणि मागच्या बोळांतल्या तपकिरी उंदरांत साथ वाढे. साधारण दहा दिवसांनी ती घरातल्या काळ्या उंदरांत चढे. आणखी दहा ते चौदा दिवसांनी माणसे आजारी पडू लागत. घरातला उंदीर हा या साखळीतला मधला दुवा. पहिला दुवा गटारात, म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीत. घरातल्या माणसाने कितीही जपले तरी त्या दुव्याला तो हात लावू शकत नव्हता. मग उंदीर सरसकट मारावेत, असे साहजिकच पुढे आले. त्यात दोन अडचणी होत्या. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधतात, म्हणजे साथीच्या दिवसांत आधी उंदीर मारणे हे पिसवा माणसांवर सोडण्यासारखेच. दुसरी अडचण मोजणीची. हनोईत १९०२ मध्ये फ्रेंचांनी दर शेपटीमागे बक्षीस लावले. लोकांनी शेपट्या तोडून उंदीर सोडून दिले, काहींनी तर ते पाळायला घेतले. मेलेल्या उंदरांचा आकडा मोठा झाला म्हणजे जिवंत उंदीर कमी झाले असे ठरत नाही. जिथे जिथे अशी मोजणी हेच यशाचे माप झाले तिथे हाच घोटाळा झाला.

दुसरी वाट डचांनी जावामध्ये चोखाळली. १९११ मध्ये मलांगच्या भागात प्लेग आला तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की तिथल्या घरांचे वासे पोकळ बांबूचे आहेत आणि त्या पोकळीतच उंदीर वितात. त्यांनी बांबूच्या जागी लाकूड आणि गवताच्या जागी कौले घालायला लावली. पुढच्या तीसेक वर्षांत जवळपास पंधरा लाख घरे अशी सुधारली. मात्र ही मोहीम सक्तीची होती, खर्चाचा बोजा शेतकऱ्यांवर पडला आणि लोकांनी त्याबद्दल पुष्कळ सोसले. शिवाय जावातला प्लेग खऱ्या अर्थाने आटोक्यात आला तो १९३४ नंतर ओटेन यांची जिवंत लस आल्यावर, असे म्हणणारे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून घर सुधारले की साथ जाते, असा सोपा हिशेब मी मांडत नाही. जावाचा अनुभव एवढेच सांगतो, की उंदराला हुसकायचे तर त्याच्या निवाऱ्याशी भिडावे लागते आणि ते काम एकेका घरावर टाकून भागत नाही.

इंदूरची गोष्ट याहून माणुसकीची आहे. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला शहराची तपासणी करायला बोलावले. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये छापला गेला. गेडिस तेव्हा साठी उलटलेला होता. नकाशा हातात घेऊन तो पेठांच्या गल्लीबोळांतून हिंडे तेव्हा लोक त्याला पाहून घाबरत. हा प्लेग आणणारा साहेब, अशी त्याच्याविषयी कुजबुज होती. प्लेगच्या झडत्यांनी आणि घरे पाडण्यांनी गोऱ्या माणसाची जी प्रतिमा झाली होती तिचे हे फळ. गेडिसने ते मनाला लावून घेतले आणि दरबाराकडे एक विलक्षण मागणी केली: मला एका दिवसापुरता महाराजा करा. १९१७ च्या दिवाळीची मिरवणूक त्याने हातात घेतली. मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा राहणार नाही, ज्या भागातले लोक सर्वांत जास्त घरे झाडून-डागडुजी करून ठेवतील त्या भागातून ती जाईल, अशी दवंडी पिटली. कचरा फुकट उचलला जाईल असेही जाहीर केले. घरांतून आणि अंगणांतून वर्षानुवर्षांचा कचरा हजारो गाड्यांनी बाहेर निघाला आणि सापळ्यांत उंदीरही हजारोंनी सापडले.

त्या मिरवणुकीचा क्रम लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. आधी नेहमीचा लवाजमा, हत्ती, घोडदळ, सुगीची दृश्ये. मग पडकी, अंधारी घरे, रोगांची भुते आणि त्यांच्यामध्ये प्लेगचा प्रचंड उंदीर. त्यानंतर थोडी मोकळी जागा, आणि तिच्यामागून शहरातले सफाई कामगार, शुभ्र कपड्यांत, हातात नवे कोरे झाडू, गळ्यात हार, रंगवलेल्या गाड्या आणि सजवलेले बैल. ज्यांची सावली टाळली जाई ते लोक त्या दिवशी राजमार्गावरून मानाने चालले. त्यांच्यामागे इंदूर नगरीची देवता, नव्या घरांचे आणि बागांचे नमुने, कारागीर. शेवटी मैदानात घाणीच्या राक्षसाबरोबर प्लेगचा उंदीरही जाळला आणि लोकांना तुळशीची रोपे वाटली. गेडिसला हे नक्की कळले होते, की घरातला उंदीर घालवायचा तर आधी गल्ली झाडणाऱ्याला मान द्यावा लागतो. तुळशीवृंदावनाच्या अंगणापासून गटारापर्यंत ही एकच सलग जागा आहे. मराठी घराला हे समजावून सांगायला त्याने घरातलेच चिन्ह निवडले.

इथे कोणी म्हणेल, की एका मिरवणुकीने प्लेग गेला हे गेडिसभक्तांचे म्हणणे भाबडे आहे. मला ते मान्य आहे. प्लेगला ऋतुमान असते. कोरड्या कडक उन्हात पिसवा तग धरत नाहीत आणि साथ आपोआप ओसरते. शिवाय मुंबईसारख्या वारंवार प्लेग सोसलेल्या शहरांतले उंदीर पिढ्यांगणिक त्या जंतूला पुरून उरू लागले, हेही परळच्याच प्रयोगशाळेत दिसून आले. भारतातला प्लेग मागे हटण्यात याचा वाटा आहे. पण इंदूरचे महत्त्व प्लेग गेला की नाही यावर ठरत नाही. झडती न घेता, दंड न करता, सबंध शहराने एकाच वेळी आपला अडगळीचा आणि उंदरांचा साठा बाहेर काढला, हे तिथे घडले. एकेका घराने वर्षभर केलेल्या खटाटोपापेक्षा सगळ्यांनी एकदम केलेले थोडे काम उंदरावर जास्त लागू पडते, कारण त्याला शेजारी पळायला जागा उरत नाही.

भोपाळ या काळात काय करत होते? १९०१ ते १९२६ या काळात इथे सुलतान जहाँ बेगम गादीवर होत्या. स्त्रीशिक्षण आणि आरोग्य हे त्यांच्या आस्थेचे विषय. १९०७ मध्ये भोपाळची पहिली नगरसंस्था, मजलिस-ए-इंतजामिया, स्थापन झाली, म्हणजे शहराचा कारभार शहराने पाहायचा ही कल्पना इथेही रुजत होती. पण बेगमेचा खास ठसा दिसतो तो घरात. आरोग्यावर आणि घरव्यवस्थेवर त्यांनी स्वतः उर्दूत पुस्तके लिहिली, १९०९ मध्ये स्थापलेल्या लेडीज क्लबात पडदानशीन बायकांसाठी आरोग्याची व्याख्याने ठेवली. हे काम मोठे होते आणि त्या काळच्या बायकांना त्याने बळ दिले. तरी त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, आणि ती एकट्या भोपाळात आली नाही. त्या पिढीच्या सगळ्याच सुधारकांच्या गृहशिक्षणाच्या पुस्तकांतून, मराठीतल्याही, घरचे आरोग्य हे गृहिणीच्या दक्षतेचे मोजमाप बनले. घरात आजार आला तर बाईचे चुकले. उंदीर आज ज्या कलंकासारखा वाटतो त्याची मुळे मला तिथे दिसतात.

स्वातंत्र्यानंतर मलेरियासाठी घरोघर डीडीटी फवारले गेले आणि त्याने पिसवाही मारल्या. प्रतिजैविके आली. १९६६ नंतर कित्येक वर्षे देशात प्लेगचा खात्रीचा रोगी सापडला नाही. उंदीर होता तिथेच राहिला, पण त्याच्यामागचे भय गेले आणि भयाबरोबर सरकारचे लक्षही गेले. याच सुमारास वॉरफेरिनसारखी रक्त गोठू न देणारी विषे जगभर बाजारात आली. आपल्याकडे झिंक फॉस्फाईडची काळी भुकटी किराण्याच्या दुकानात मिळू लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरहून अनेक मराठी कर्मचारी कुटुंबे इथे आली. तात्या टोपे नगरातल्या सरकारी क्वार्टरांत त्यांनी संसार मांडले. पक्के छत, सिमेंटची जमीन, आणि पेवाच्या-कणगीच्या जागी पत्र्याची कोठी, खालच्या तोटीतून दाणे काढायची. एप्रिल-मेमध्ये सिहोर-विदिशेचा शरबती गहू वर्षभरासाठी भरून ठेवायचा हा इथला रिवाज त्याच कोठीवर चालतो. धान्य सुरक्षित झाले, घर पक्के झाले. मग उरला तो एखादा चुकार उंदीर, आणि त्याच्यासाठी विषाची पुडी पुरेशी वाटू लागली. असा तो खासगी झाला.

ही पुडी स्वस्त वाटते, पण तिचा खर्च दुसरीकडे पडतो. झिंक फॉस्फाईड उंदराच्या पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फीन वायू बनवते. उंदराला ओकता येत नाही, म्हणून तो मरतो. पण कमी मात्रा खाऊन वाचलेला उंदीर ते आमिष पुन्हा तोंडाला लावत नाही, म्हणून जाणकार आधी काही दिवस नुसती कणीक ठेवतात आणि मग विष घालतात. पुडीवर विसंबणाऱ्या घरात हे कोण करतो? धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून तोच वायू निघतो. प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीवाचून त्या वापरू नयेत असा नियम असताना त्या घरोघर पोचल्या आणि या भागात आत्महत्येचे आणि बंद खोलीतल्या अपघातांचे साधन बनल्या. भोपाळात विषाविषयी लिहिताना २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र टाळता येत नाही. युनियन कार्बाइडचे सेविन उंदराचे औषध नव्हते, ते पिकांवरच्या किडीसाठी होते. प्लेगच्या पिसवांसाठी वापरायच्या भुकट्यांच्या जागतिक यादीत त्याच रसायनाचे, कार्बारिलचे, नाव असे. त्याच्यासाठी साठवलेल्या मिथिल आयसोसायनेटचा वायू गळाला तेव्हा तो सर्वांत आधी कारखान्यासमोरच्या झोपड्यांवर पसरला. माझा मुद्दा एवढाच, की किडा-मुंगी-उंदीर यांचे उत्तर विषात शोधणारा समाज त्या विषाचा धोका नेहमी सर्वांत दुबळ्या माणसाच्या दारात ठेवतो, मग तो कारखान्यापाशी राहणारा असो की पुडी हाताशी सापडणारे घरातले मूल.

आता मुख्य आक्षेपाकडे वळतो. पक्की घरे झाली, प्लेग गेला, तर उंदीर खासगी राहिला म्हणून बिघडले काय? १९९४ ने याचे उत्तर दिले. लातूर-उस्मानाबादच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर बीड जिल्ह्यातल्या मामला गावचे लोक हादरे बसलेली घरे सोडून तात्पुरत्या निवाऱ्यांत गेले. धान्य मागे घरांत राहिले. त्या रिकाम्या घरांत उंदीर मातले. ऑगस्ट १९९४ मध्ये उंदीर पडले, पिसवांचा त्रास सुरू झाला आणि पाठोपाठ गाठीच्या तापाचे रोगी आले. तो प्लेगच होता का, यावर पुढे वाद झाले, पण घटनांचा क्रम परळच्या खोल्यांतल्यासारखाच होता. त्या गावातल्या कुठल्या बाईने ओटा पुसला नव्हता म्हणून ते घडले नाही. दुसरे उदाहरण याहून जवळचे आणि वेदनेचे. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षात दोन बाळांना उंदीर चावले आणि ती दोन्ही बाळे गेली. मृत्यूचे कारण वेगळे होते असे रुग्णालयाने सांगितले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पक्की इमारत, उंदीर मारण्याचे कंत्राट दिलेले, देशातले सर्वांत स्वच्छ म्हणून गाजलेले शहर, आणि तरीही हे झाले. प्लेगच्या उंदराला गल्लीतून मिरवून जाळणाऱ्या गावाने हा प्रश्न कंत्राटदाराच्या बिलात बंद करून टाकला होता. मुंबईतही मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी मंत्रालयात सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारल्याच्या आकड्यावर विधानसभेत प्रश्न विचारला, तेव्हा तो आकडा विषाच्या गोळ्यांचा असल्याचा खुलासा आला. बिलात गोळ्या मोजता येतात. कमी झालेले उंदीर मोजायचे तर चावलेले पदार्थ, ताज्या लेंड्या, उघडी बिळे पाहत हिंडावे लागते.

गरिबाला घर दुरुस्त करणे परवडत नाही आणि भाडेकरूला भिंत फोडायचा हक्क नाही, हा आक्षेप खरा आहे. माझ्या म्हणण्याला तो बळच देतो. पेन्सिलीएवढ्या फटीतून पिटुकला घरउंदीर आत येतो, अंगठ्याएवढ्या भोकातून मोठा. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी, नळ भिंतीतून आत येतो तिथल्या भोकात सिमेंट, एवढे घरमालकाने करावे आणि भाडेकराराने त्याला बांधून घ्यावे. पुढचे काम घराबाहेर आहे. २०२० च्या रब्बी हंगामात मध्य प्रदेशाने १२९ लाख टन गहू खरेदी करून पंजाबला मागे टाकले. त्यातला काही गहू ताडपत्रीखाली उघड्या ओट्यांवर रचला जातो. जुमेरातीतल्या दुकानासमोर सांडलेला दाणा आणि मागच्या बोळातले खरकटे हीच वरच्या मजल्यावरच्या उंदराची शिधाशिदोरी. मुंबई महापालिका आजही रात्रपाळीचे उंदीर मारणारे कामगार ठेवते. अंधारात काठी आणि विजेरी घेऊन हिंडणाऱ्या या माणसांकडून रात्रीला तीस उंदरांची अपेक्षा असते. त्यांच्या कष्टांविषयी आदर ठेवूनही म्हणावेसे वाटते, की गल्लीतली बिळे कुठे आहेत हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते आणि ती बुजवण्याचे काम मात्र त्यांना कोणी देत नाही. भोपाळ महापालिकेने असे पथक उभे करायचे ठरवले तर त्याला काठीऐवजी सिमेंटची पाटी आणि गल्लीचा नकाशा द्यावा. एका गल्लीतली सगळी घरे, दुकाने, कोठारे आणि मागची मोरी त्याने एकाच आठवड्यात हाताळावी, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तिथे जाऊन किती बिळे ताजी उकरली गेली ते मोजावे.